कानसेनांचे कुंपण

डिसेंबर तोंडावर आला की गोव्यात एक वाद न चुकता पेटतो. किनाऱ्यावरच्या नृत्यसंगीत महोत्सवांना परवानगी द्यावी की देऊ नये, यावर वृत्तपत्रांत पत्रे येतात, ग्रामसभांत आवाज चढतात आणि दोन्ही बाजूंची वाक्ये मागच्या वर्षीचीच असतात. एक पक्ष म्हणतो की हे संगीतच नव्हे, हा धिंगाणा आहे; ज्या मातीने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी दिले, तिला बाहेरून आणलेल्या सुरांची गरज काय? दुसरा पक्ष म्हणतो की जग पुढे गेले आहे, कान उघडे ठेवा, संगीताला ना भाषा असते ना सीमा. या भांडणात ध्वनिक्षेपकांचा प्रश्नही कालवला जातो. तो आधीच वेगळा काढलेला बरा. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर २००० सालच्या नियमांनी मर्यादा घातलेली आहे, आणि आजारी माणसाच्या उशाशी रात्री तीन वाजता कर्णा लावून यमन वाजवला तरी तक्रार तितकीच रास्त ठरेल. आवाज किती असावा, हा कायद्याचा आणि शेजारधर्माचा विषय झाला. तो वजा केल्यावर जो प्रश्न उरतो तो मात्र खरा आहे, आणि त्यावर कोणीच नीट बोलत नाही. जे संगीत आपल्याला परके आहे, ज्यात आपला कान रमत नाही, ते आपण मुद्दाम कष्ट घेऊन ऐकावे का?

माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते दुसऱ्या पक्षाच्या कारणांसाठी नव्हे. परके संगीत ऐकावे, आणि ते शिकल्यासारखे ऐकावे. बसून, पुन्हा पुन्हा, कोणाला तरी विचारत. वादातले दोन्ही पक्ष नेमके हेच कष्ट टाळतात. पहिला पक्ष न ऐकताच निकाल देतो. दुसरा पक्ष ऐकायला काही लागतच नाही असे सांगून मोकळा होतो, आणि या दोघांत मला दुसरा पक्ष अधिक घातक वाटतो. कारण संगीताला भाषा नसते या भरवशावर जो माणूस अनोळखी मैफलीत जाऊन बसतो, त्याला दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. मग दोष एक तर त्या संगीताचा असतो किंवा स्वतःच्या कानाचा, असे समजून तो उठतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. संगीत सर्वांना आपोआप कळते ही गोड समजूत जितकी दारे उघडते, त्याहून अधिक बंद करते.

ही समजूत खोटी आहे, याला पुरावा आहे. जोश मॅकडर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलिव्हियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना त्यांनी एकत्र वाजवलेले स्वर ऐकवले. पाश्चात्त्य कानाला जे स्वरसमूह सुसंवादी वाटतात ते आणि जे खटकतात ते, असे दोन्ही. त्सिमाने श्रोत्यांना दोन्ही सारखेच सुखद वाटले. त्यांच्या स्वतःच्या संगीतात अनेकांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाण्याची रीत नाही. ज्याचा सराव नाही, त्यातले बरेवाईट कान ठरवणार तरी कसे? आपल्याकडे हेच वेगळ्या रीतीने घडते. विलंबित एकतालात गायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आला की फोंड्यातल्या रसिकाची मान आपोआप हलते. ती मान निसर्गाने हलवलेली नाही. लहानपणापासून देवळातल्या भजनात, जत्रेतल्या नाटकात आणि घरातल्या रेडिओवर त्याने तालाचे आवर्तन हजारो वेळा भरताना ऐकलेले असते. नव्या श्रोत्याला तीच सम कुठे आली आणि कुठे गेली याचा पत्ताही लागत नाही.

मग कान घडतो कसा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडलेला सिद्धांत आज सर्वपरिचित आहे: एखादी गोष्ट वारंवार समोर आली की, केवळ त्या ओळखीमुळे, ती आवडू लागते. रसिकांना हे ऐकून जरा अपमान झाल्यासारखे वाटते, कारण आपली आवड ही आपल्या अभिरुचीची साक्ष आहे असे आपण धरून चाललेलो असतो. पण या सिद्धांताचा खरा बोचरा भाग पुढेच आहे. सवयीने आवड तयार होत असेल, तर सवय कोण लावते याला महत्त्व येते. पूर्वी हे काम काही अंशी रेडिओ करत असे. १९४६ साली सुरू झालेल्या ‘एमिसोरा द गोवा’वर आणि मुक्तीनंतर आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर आपल्या आवडीच्या कार्यक्रमाची वाट पाहताना दुसऱ्याच्या आवडीचा कार्यक्रम कानावर पडत असे. नाट्यगीतांसाठी रेडिओ लावणाऱ्या घरात कोकणी कांतारे, म्हणजे गाणी, शिरत, आणि उलटही होई. मोबाईलने ही सक्ती संपवली. काल जे ऐकले त्याच्यासारखेच काहीतरी तो आज पुढे करतो आणि आपल्याला वाटते की आपण निवडले. हवे ते संगीत हातात आहे आणि अनोळखी संगीत कानावर पडण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, अशी ही विचित्र स्थिती आहे.

अनोळखी संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परदेश येतो. गोव्यात त्यासाठी बोरीचा पूल ओलांडला तरी पुरे. अलीकडे फोंडा, पलीकडे लोटली आणि सासष्टी. एका बाजूला १७६३ नंतर पोर्तुगिजांच्या हाती आलेल्या नव्या काबिजादी, दुसऱ्या बाजूला सोळाव्या शतकापासून त्यांच्याकडे असलेल्या जुन्या. १५६० साली कुठ्ठाळीहून मंगेशाचे स्थलांतर प्रियोळला झाले ते जुवारीची हीच सरहद्द ओलांडून. ही सरहद्द केवळ महसुलाची राहिली नाही, ती कानांचीही झाली. पलीकडच्या चर्चशाळांत मेस्त्रीच्या हाताखाली मुले सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकली. अलीकडच्या देवळांत कलावंतिणींच्या घरांनी ख्याल, ठुमरी, लय जपली. आज दोन्हीकडे दोन्ही धर्मांचे लोक राहतात, बाजारात एकत्र असतात, एकमेकांच्या लग्नांना जातात. तरीही घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीतले प्रत्येक आवर्तन ओळखणाऱ्या किती मराठी घरांत कोणाला मांडो आणि दुलपद या ख्रिस्ती घरांतल्या कोकणी गाण्यांतला फरक सांगता येईल? अभिषेकीबुवांच्या नाट्यपदांवर तासभर बोलू शकणाऱ्यांपैकी किती जणांनी ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपासांतले मोतेत, म्हणजे अनेक आवाजांतली भक्तिगीते, उभे राहून ऐकली असतील? आणि तिकडच्या घरांत अभिषेकीबुवांचे नाव तरी किती जणांना ठाऊक असेल? डिसेंबरच्या वादात आपण ज्याला ‘आपले’ म्हणतो त्याचा निम्मा भाग आपण ऐकलेलाच नाही.

आणि जे ‘आपले’ म्हणून मिरवतो, ते तरी कुंपणाच्या आत जन्मलेले आहे काय? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० सालचे. त्यामागे पारशी रंगभूमीवरच्या संगीताची प्रेरणा होती, आणि त्याआधीच्या विष्णुदास भाव्यांना कानडी मुलुखातल्या खेळांची. तियात्र या कोकणी संगीतनाट्याचा पहिला प्रयोग मुंबईत १८९२ साली झाला. तो उभा करणारे लुकासिन्यो रिबेरो इटालियन ऑपेरा मंडळीच्या सहवासातून आले होते. बारा वर्षांच्या अंतराने, दोन्ही प्रकार दुसऱ्याचे नाटक ऐकून जन्मले, आणि दोन्ही गोव्याच्या गावागावांत रुजले. एकात पद कथानकातून उगवते आणि नट त्यावर ‘वन्स मोअर’ घेतो. दुसऱ्यात कांतार पडद्यांच्या मध्ये येते, कथेशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही, आणि सरकारपासून सासूपर्यंत सगळ्यांना ते चिमटे काढते. इतके सख्खे नाते असून दोघांचे प्रेक्षक एकमेकांना अनोळखी राहावेत, याचे आश्चर्य वाटण्याइतकेही आपण या गोष्टीकडे पाहिलेले नाही. देखणी या कोकणी नृत्यगीताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. पैलतीरी दामूच्या लग्नाला जाण्यासाठी नावाड्याला दागिने देऊ करणारी जी कलावंतीण त्या प्रसिद्ध देखणीत गाते, ती ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात गायली आणि नाचली गेली. १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती लग्नांतल्या ओव्यांना बंदी घातली होती. त्यानंतर शतकभराने त्याच समाजाने देवळातल्या नर्तिकेला आपल्या गाण्यात आणले. ऐकणे बंदीपेक्षा चिवट असते.

आता एक मांडो जवळून पाहू. दोन रांगांत समोरासमोर स्त्री-पुरुष, स्त्रियांच्या हाती पंखे, साथीला व्हायोलिन आणि घुमट. चाल संथ, शब्द विरहाचे किंवा मीलनाचे. ख्यालावर वाढलेला श्रोता इथे एकच सुरावट धरतो, वरची. खालचा आवाज त्याला साथीचा वाटतो आणि तो सोडून देतो. त्यामुळे त्याला मांडो साधा, किंचित एकसुरी वाटतो. परंतु मांडोचे मर्म दोन आवाजांच्या मधल्या अंतरात आहे. सोपे उदाहरण म्हणून शुद्ध स्वर घेऊ. वरचा आवाज गंधारावर असतो तेव्हा खालचा षड्जावर असतो. वरचा मध्यमावर गेला की खालचा ऋषभावर येतो. दोन्ही जोड्या वरवर सारख्याच, पण पहिलीतले अंतर दुसरीपेक्षा अर्ध्या स्वराने मोठे आहे. गाणे पुढे सरकते तसे हे अंतर कधी मोठे, कधी लहान होत राहते, आणि मांडोतली ती हुरहूर या लहानमोठेपणातून येते. हे एकदा कोणी दाखवून दिले की कान खालच्या आवाजाकडे जायला लागतो, आणि मग तोच मांडो पूर्वीचा राहत नाही. मांडो संपले की दुलपदे येतात, लय चढते, घुमट मोकळा सुटतो. बड्या ख्यालानंतर छोटा ख्याल ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला ही रचना शिकवावी लागणार नाही; ती त्याच्या घरचीच आहे. उलट दिशेने येणाऱ्यालाही असाच एक अडसर असतो. तानपुऱ्याचे स्वर बदलतच नाहीत, स्वरांचे गुच्छ पुढे सरकत नाहीत, म्हणून पहिली वीस मिनिटे त्याला काही घडतच नाही असे वाटते. आलापात प्रत्येक नवा स्वर किती उशिरा आणि कुठल्या वाटेने येतो याकडे लक्ष दे, एवढे त्याला सांगितले तरी पुष्कळ काम होते.

येथे पहिला आणि सर्वांत भारदस्त आक्षेप येतो. तो म्हणतो की आयुष्य थोडे आहे. जयपूर घराण्याचे अनवट राग कळायलाच वीस वर्षे लागतात. सगळीकडे तोंड घालणाऱ्याला काहीच धड कळत नाही. केसरबाईंना अल्लादियाखाँची वर्षानुवर्षांची तालीम मिळाली ती एकाच दिशेने चालल्यामुळे. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. विस्तार म्हणजे खोली नव्हे, आणि दर आठवड्याला नवा देश ऐकणाऱ्याच्या कानात काहीही मुरत नाही. पण गायकाच्या साधनेचे नियम श्रोत्याला लागू करण्यात घोटाळा आहे. गळ्यावर चढवायचे असते तेव्हा एकनिष्ठा लागते, कानाला ती तशी लागत नाही. आणि गायकांचीही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. किशोरी आमोणकरांनी आईकडून जयपूर गायकी घेतली आणि भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही शिक्षण घेतले. अभिषेकीबुवांनी जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ आणि गुलुभाई जसदनवाला अशा वेगवेगळ्या दारांत विद्या मिळवली. हे सगळे शेवटी हिंदुस्थानी संगीताच्या अंगणातलेच, असे कोणी म्हणेल तर तेही खरे. परंतु त्या काळी घराण्यांची कुंपणे किती उंच होती, हे जुन्या रसिकांना सांगायला नको.

खोलीच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर मात्र संगीताच्या घडणीतच आहे. पियानोवर किंवा ऑर्केस्ट्रात अनेक स्वर एकावर एक रचायचे असतात, म्हणून प्रत्येक स्वराची जागा पक्की ठरवावी लागते. ती हलली तर अख्खी रचना बेसूर होते. ख्यालात असे ओझे स्वरावर नसते, खाली फक्त षड्ज-पंचम धरलेले असतात, म्हणूनच गायक गंधाराकडे मींडेने, म्हणजे स्वरावरून घसरत, हळूहळू जाऊ शकतो आणि दरबारी रागाच्या गंधाराला आंदोलन देऊ शकतो. आपल्या संगीताने स्वरसमूहांचा मार्ग सोडून काय मिळवले, हे ज्याने स्वरसमूह कधी ऐकलेच नाहीत त्याला कसे उमगणार? बाहेर जाऊन आलेला कान घरचा गंधार अधिक नीट ऐकतो. हे सांगताना मी कोणाला चर्चचा ऑर्गन किंवा बाख आवडलाच पाहिजे असे म्हणत नाही. शिकून, ऐकून, मग नापसंत करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. न ऐकता नापसंत करणे हा हक्क नव्हे, आळस आहे.

दुसरा आक्षेप अधिक राजकीय आहे, आणि मला तो अधिक अस्वस्थ करतो. कान उघडे ठेवा हा उपदेश नेहमी दुबळ्यांनाच का केला जातो? गोव्यातली मुले इंग्रजी आणि कोरियन गाणी ऐकतात. सेऊलमध्ये कोणी सुवारी, म्हणजे आपले घुमटाचे समूहवादन, ऐकत नाही. मोठ्या बाजाराच्या तोंडी लहान परंपरा देऊन वर त्याला उदारता म्हणायचे, हा कावा आहे. यातले निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण बाजार जे ढकलतो ते अनोळखी नसतेच. किनाऱ्यावरच्या महोत्सवात जे वाजते तेच युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या महोत्सवांत वाजते, आणि तेच जाहिरातीत, दुकानांत, जिममध्ये ऐकू येते; त्याच्याइतके परिचित संगीत आज पृथ्वीवर दुसरे नसेल. त्याला विस्ताराचे नाव देणारे लोक सवयीलाच साहस म्हणत आहेत. गंमत अशी की ज्या संगीतप्रकाराने गोव्याचे नाव जगभर नेले, त्या ‘गोवा ट्रान्स’विषयी या वादात उतरणाऱ्या दोन्ही पक्षांना फारसे सांगता येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हणजुणे परिसरातल्या किनाऱ्यांवर तो घडला. उन्हाने तबकड्या वाकतात म्हणून तिथले वादक डिजिटल फितींवर गाणी घेऊन येत. त्यात सुरावट शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकच छोटी स्वरमाला फिरत राहते आणि तिचा पोत बारीक बारीक बदलत जातो, तो ऐकायचा असतो. मला स्वतःला तो आजही तासभराच्या वर सहन होत नाही. पण त्याच्यावर टीका करायची तर निदान काय ऐकायचे होते ते कळल्यावर करावी.

आणि एकतर्फीपणाच्या तक्रारीला एक प्रसिद्ध अपवाद आहे, जो आपण अभिमानाने सांगतो आणि नीट पाहत नाही. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली गेली, तिच्यावर फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी आहे. ती तिथे पोहोचली कशी? रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीताभ्यासकाने तिची शिफारस केली. हे गृहस्थ सुट्टीत भारत पाहून गेलेले हौशी नव्हते, त्यांनी टी. रंगनाथन यांच्याकडे मृदंगाचे शिक्षण घेतले होते आणि मृदंगावरच प्रबंध लिहिला होता. परक्या संगीतापुढे विद्यार्थी म्हणून बसलेल्या एका माणसाच्या कानामुळे आपल्या गावची बाई सूर्यमालेबाहेर गेली. तबकडीवर एकूण २७ रचना आहेत. जावाचे गॅमेलान आहे, जपानी शाकुहाची बासरी आहे, जॉर्जियातल्या पुरुषांचे समूहगान आहे, सेनेगलचे तालवादन आहे, नावाहो लोकांचा रात्रमंत्र आहे, अंध गायक विली जॉन्सनचा ब्लूज आहे. भैरवीच्या त्या साडेतीन मिनिटांचा उल्लेख आपल्या भाषणांत किती वेळा येतो! उरलेल्या २६ रचना आपल्यापैकी किती जणांनी ऐकल्या? आपले संगीत दुसऱ्याने कान देऊन ऐकावे अशी अपेक्षा असेल, तर तोच कान आपणही द्यावा, यात उपकार कसला? हिशोब बरोबरीचा आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे आवड ज्याची त्याची, त्यात समाजाने नाक खुपसू नये. सक्तीच्या बाबतीत इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा आहे. १९५२ नंतर माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने सिनेसंगीताची गळचेपी केली, लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून. लोकांनी रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. त्याआधी १९४० साली त्याच आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, कारण ती परदेशी, तिचे स्वर ठरीव, तिला मींड येत नाही. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हे वर सांगितलेल्या कारणांवरून कोणालाही पटेल. तरी वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात पेटीशिवाय एक तरी भजन उभे राहील का? फ्रान्सहून आलेली पेटी आपल्या देवळात इतकी रुळली की तिला परकी म्हणणाराच आज परका ठरेल. म्हणून सक्ती नको, हे मान्य. पण आवड खासगी आहे म्हणताना आपण विसरतो की तिला खतपाणी सार्वजनिक पैशाने घातले जाते. सभागृहे, स्पर्धा, अनुदाने, शाळांतले संगीतशिक्षक हे सगळे लोकांच्या खर्चाने चालते. तिथे कोणाला काय ऐकू येईल, हा प्रश्न खासगी कसा?

उरला वरवरपणाचा आक्षेप: व्यासपीठावर एक घुमट, एक सॅक्सोफोन आणि एक सतार ठेवून त्याला संगम म्हणायचे, अशी संध्याकाळ आपण सगळ्यांनी भोगलेली आहे. यावर मी वाद घालणार नाही. ती टीका योग्य आहे, आणि अशा कार्यक्रमांत एकमेकांचे संगीत कोणीच ऐकत नसते. पण त्याच गोव्यात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विसही होऊन गेले. चर्चच्या संगीतात वाढलेला हा व्हायोलिनवादक १९४०च्या दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आला. वाद्यवृंदात बसून चार पैसे मिळवणे त्याला पुरले असते. त्याऐवजी तो रागांकडे विद्यार्थ्यासारखा वळला, ते पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढू लागला, आणि १९५८ साली त्याने मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून राग आणि सिंफनी यांना एका व्यासपीठावर आणले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग फार काळ चालला नाही. परंतु त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन होते, आणि पुढच्या तीन दशकांचे हिंदी चित्रपटसंगीत ऐकलेल्या माणसाला त्याचे परिणाम वेगळे दाखवावे लागत नाहीत.

मग करायचे काय? कला अकादमीच्या एकाच छपराखाली भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन्ही संगीतविभाग आहेत. दोघांचे श्रोते एकमेकांच्या कार्यक्रमांना जावेत, यासाठी निमंत्रणपत्रिका पुरणार नाही. केसरबाई स्मृती समारोहाच्या आदल्या संध्याकाळी, ज्याने कधी ख्याल ऐकलेला नाही अशासाठी, तासभराचे सप्रात्यक्षिक ठेवता येईल: सम म्हणजे काय, तानपुरा का बदलत नाही, बोलआलाप कुठे सुरू झाला. पणजीच्या मांडो महोत्सवापूर्वी असेच एक, ज्यात दोन गायक वरचा आणि खालचा आवाज आधी वेगवेगळे आणि मग एकत्र गाऊन दाखवतील. तियात्राच्या प्रयोगाला मराठी नाट्यमंडळांनी एकगठ्ठा जाऊन बसावे. कांतारातली कोकणी कळायला आपल्याला दुभाष्या लागत नाही, फक्त रोमी लिपीतला फलक वाचण्याचा संकोच सोडावा लागतो. शाळांत संगीताचा शिक्षक एकाच परंपरेचा असेल तर वर्षातून काही तास दुसऱ्या परंपरेच्या शिक्षकाला बोलवावे. एवढे झाल्यावर लिस्बनचा फादो आणि केप व्हर्दे बेटांची मोर्ना हे गाण्याचे प्रकार ऐकायला घ्यावेत. पोर्तुगिजांच्या जुन्या मुलुखांतली ही नात्यातली माणसे आहेत, आणि मांडो कळलेल्या कानाला त्यांच्याकडे जाण्याची वाट सापडते.

वेळ कुणाला आहे, असे यावर हमखास विचारले जाईल. चवथीच्या आरत्यांसाठी आणि भजनस्पर्धांसाठी हीच मंडळी नोकरी-धंदा सांभाळून तालमी करतात, जत्रेच्या नाटकासाठी महिनाभर रात्री जागतात. वेळ आहे, तो कुंपणाच्या आत खर्च होतो. त्यातला थोडा बाहेर काढायचा, तर सुरुवात भजनी मंडळांनीच करावी असे मला वाटते, कारण गोव्यात तयार कान सर्वांत जास्त त्यांच्याकडे आहेत आणि घुमट तर मांडोतही वाजतोच. लोटलीच्या किंवा कुडतरीच्या एखाद्या मांडोपथकाला तालमीच्या खोलीत बोलवावे, त्यांचा घुमटवाला आणि आपला घुमटवाला शेजारी बसवावे, आणि दोघांनी आपापली थाप एकमेकांना शिकवावी.